‘ॲट्रॉसिटी’चा खरा उच्चार

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. आमच्या हिमायतनगर भागातल्या एका खेड्यातल्या मावशी, वय साठीच्या पुढे, गावच्या हापशावर पाणी भरायला गेल्या. नंबरावरून बोलाचाली झाली. गावातल्या एका बड्या घरच्या माणसाने त्यांची घागर लाथाडली, जातीचे नाव घेऊन नको ते बोलला आणि त्यांना ढकलून दिले. कपाळ फुटले. हापशावर तेव्हा दहा-बारा बायाबापड्या उभ्या होत्या. मावशींनी पदराने रक्त पुसले, सुनेला सोबत घेतले आणि मिळेल त्या वाहनाने पोलीस ठाणे गाठले. ठाणे कोणते ते येथे सांगत नाही. एक तर प्रकरण न्यायप्रविष्ट आहे, आणि दुसरे म्हणजे आपल्या वाचकांना ठाण्याचे नाव सांगण्याची गरजच नाही. ज्याने त्याने आपापल्या ठाण्याचे नाव तिथे घालून वाचावे.

मावशी टेबलापुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “सायेब, अट्रासिटी लिवून घ्या.”

ठाणे अंमलदाराने मान वर केली. “काय लिवू?”

“अट्रासिटी.”

“आधी नीट म्हणायला शिक. ॲट्रॉसिटी. म्हण बरं, ॲट्रॉसिटी.”

बाकावर बसलेले दोघे-तिघे हसले. मावशींनी पुन्हा म्हणून पाहिले, पुन्हा ‘अट्रासिटी’च आले, पुन्हा हशा झाला. मग “नाव नीट घेता येईना, अन् केस टाकायला निघाल्या” असे म्हणत त्यांना दुसऱ्या दिवशी यायला सांगण्यात आले. मावशी परत आल्या. रात्री सुनेने मला फोन केला तेव्हा तिने मार लागल्याचे नंतर सांगितले. आधी सांगितले ते हे, की “वकील साहेब, आत्याबाईला बोलता आलं नाही म्हणून लिवून घेतलं नाही.” म्हणजे बघा, त्या घरात दोष कोणाचा ठरला होता!

फोन ठेवला आणि मला झोप येईना. वीस वर्षांपासून वकिली करतो. हा शब्द मी दिवसातून दहा वेळा उच्चारतो. पण त्याचा खरा इंग्रजी उच्चार काय, हे मी आयुष्यात कधी तपासले नव्हते. उठलो, कपाटातला इंग्रजी शब्दकोश काढला, मोबाईलवर उच्चार ऐकला, पुन्हा पुन्हा ऐकला. आणि जे सापडले ते वाचकांपुढे ठेवण्यासाठीच आजचा हा लेख आहे.

या शब्दाच्या सुरुवातीला जे इंग्रजी ‘ए’ अक्षर आहे, त्याचा उच्चार तिथे ‘ॲ’ होतच नाही. ‘अनेक’, ‘अजून’ या शब्दांच्या आरंभी आपण जो हलका ‘अ’ म्हणतो, तोच तिथे आहे. सगळा जोर दुसऱ्या ठिकाणी, ‘ट्रॉ’वर. म्हणजे इंग्लंडमधला माणूस म्हणेल ‘अट्रॉसिटी’. ‘ॲपल’मधला ‘ॲ’ इथे कुठून आला? तो आला कागदावरून. आपण अक्षर पाहिले, ‘ए’ दिसला, ‘ॲ’ वाचला, आणि सगळ्या महाराष्ट्राने तोच घोटवला. पोलिसांनी, वकिलांनी, पत्रकारांनी, मंत्र्यांनी आणि मीही. २००९ साली राज्य शासनाने मराठी वर्णमालेचा जो निर्णय काढला, त्यात ‘ॲ’ आणि ‘ऑ’ या स्वरांना रीतसर जागा मिळाली. चांगलेच झाले. पण या शब्दाच्या तोंडाशी त्या ‘ॲ’चे काही काम नव्हते.

बरे, हे झाले इंग्लंडचे. अमेरिकेत ‘ऑ’चा उच्चार ‘आ’कडे झुकतो. तिथे ‘डॉक्टर’ हा जवळपास ‘डाक्टर’ होतो, आपल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी होतो तसाच. त्या हिशेबाने अमेरिकेतला न्यायाधीश, अमेरिकेतला प्राध्यापक हा शब्द कसा उच्चारतो? अट्रासिटी. वाचकहो, पुन्हा वाचा. अट्रासिटी! ज्या न्यूयॉर्क शहरात कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेब १९१३ पासून १९१६ पर्यंत शिकले, त्या शहरात आज कोणी हा शब्द उच्चारला तर तो आमच्या मावशींच्या उच्चाराच्या जितका जवळ असेल, तितका त्या ठाणे अंमलदाराच्या उच्चाराच्या जवळ असणार नाही. टेबलाच्या अलीकडे उभी असलेली, शाळेचे तोंड न पाहिलेली बाई बरोबर होती आणि टेबलाच्या पलीकडे बसून तिला शिकवणारा चुकत होता. हसणारेही चुकत होते. आणि मी, जो बी.ए., एलएल.बी. अशी पाटी लावून बसलो आहे, तोही चुकतच होतो.

मावशींनी काही अमेरिकेचा अभ्यास केलेला नाही, हे मला कळते. त्यांच्या जिभेला जे सोपे गेले ते त्या बोलल्या आणि योगायोगाने ते बरोबर निघाले. या योगायोगावर मिरवण्याचे कारण नाही. पण मग चूक कोणाची आणि बरोबर कोणाचे, हे त्या ठाण्यात ठरले कशावर? शब्दकोशावर तर नक्कीच नाही. ते ठरले खुर्चीवर. खुर्चीत बसलेला म्हणेल तो उच्चार शुद्ध, उभा असलेला म्हणेल तो अशुद्ध.

शुद्ध आणि अशुद्ध हे शब्द आपल्या माणसाने कानाला हात लावून ऐकावेत असेच आहेत. पाणी शुद्ध, सावली अशुद्ध. मंत्र शुद्ध, ऐकणारा कान अशुद्ध. एल्फिन्स्टन हायस्कुलात बाबासाहेबांना संस्कृत घ्यायचे होते, घेऊ दिले नाही, म्हणून फारसी घ्यावी लागली. महात्मा फुल्यांनी पुस्तके लिहिली तेव्हा त्यांतल्या विचाराला उत्तर देण्याऐवजी निबंधमालाकार चिपळूणकर त्यांच्या व्याकरणाची चेष्टा करीत बसले. आजही आमच्या मराठवाड्यातला पोरगा पुण्यात जाऊन ‘पानी’ म्हणाला की वर्गात खसखस पिकते. त्या पोराला ‘पाणी’चा ‘ण’ येत नाही याचे दुःख कोणाला नसते. त्याला तो येत नाही याचा आनंद असतो! कारण त्या एका अक्षरावरून गाव कळते, वस्ती कळते, आणि आडनाव न विचारता हवे ते कळून जाते.

आमच्या भागाला हा अनुभव इंग्रजीच्याही आधीचा आहे. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि कचेरीची भाषा उर्दू होती. आमचे आजोबा सांगत, की अर्जाला त्यांच्या तोंडी ‘दरकास’ म्हणत आणि कचेरीतला कारकून म्हणे, दरख़्वास्त म्हण. घशातून ‘ख़’ काढता आला तर अर्जाची दखल, नाही तर उन्हात बसा. पुढे राज्य बदलले, कारकून बदलला, भाषा बदलली. उन्हात बसणारा बदलला नाही. गंमत म्हणजे आमच्या गावाचे नावच घ्या. जुनी माणसे अजून वाढोणा म्हणतात, कागदोपत्री हिमायतनगर. ‘हिमायत’ हा अरबी शब्द, अर्थ पाठराखण, संरक्षण. मूळ अरबीत त्यातला ‘ह’ घशाच्या तळातून काढावा लागतो. तो ना आम्ही काढतो, ना हैदराबादचे नवाब काढीत. त्यांना कोणी हसल्याचे ऐकिवात नाही.

आणि साहेब लोकांनी काय केले? पुण्याचे पूना केले, खडकीचे किर्की केले, शीवचे सायन केले. ते उच्चार त्यांनी आमच्याच नकाशावर छापले आणि आम्ही ते पाठ केले. १९३२ चा करार इंग्रजी पुस्तकांत अजून पूना करारच आहे. इतके कशाला, खुद्द बाबासाहेबांचे आडनाव बघा. आपण ‘आंबेडकर’ म्हणतो. उत्तरेत गेलात तर ‘अंबेडकर’ ऐकू येते. तिथे हिंदीत तसेच लिहितात आणि इंग्रजी स्पेलिंगमधल्या ‘ए’वरून ‘आ’ की ‘अ’ हे कळायला मार्ग नाही. म्हणजे एकच ‘ए’ अक्षर. दिल्लीकडे त्याने आमच्या बापाच्या नावातला ‘आ’ छोटा केला आणि आमच्याकडे कायद्याच्या नावातला ‘अ’ वाकडा केला. लखनौचा बांधव ‘जय भीम, बाबासाहब अंबेडकर’ म्हणतो तेव्हा मी त्याला अडवून उच्चार शिकवतो का? मुळीच नाही. त्याच्या आवाजातले प्रेम मला ऐकू येते.

कायद्याच्या नावातला दुसरा शब्द ‘शेड्यूल्ड’. इंग्लंडमध्ये ‘शेड्यूल’, अमेरिकेत ‘स्केजुल’. दोन्ही बरोबर, दोन्ही शब्दकोशात. बाबासाहेबांनी १९४२ साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन स्थापन केली, तर खेड्यापाड्यातल्या आपल्या अडाणी म्हातारबांनी एवढे लांबलचक नाव बाजूला ठेवून ‘शेकाफे’ केले आणि त्या नावाखाली मते मागितली, सभा भरवल्या. पक्ष काही त्यांच्या उच्चारामुळे अडला नाही.

माझीही एक फजिती सांगून टाकतो. वकिलीच्या पहिल्या वर्षी बँकेच्या कर्जाच्या एका दाव्यात मला कोर्टापुढे बोलायचे होते. कर्जापोटी बँकेचा वस्तूवर जो हक्क राहतो, त्याला इंग्रजीत एक चार अक्षरी शब्द आहे. मी तो वसतिगृहाच्या खोलीत दिव्याखाली शंभर वेळा वाचला होता. ऐकला एकदाही नव्हता. उभा राहिलो आणि ठणकावून म्हणालो, या ट्रॅक्टरवर बँकेचा ‘लायन’ आहे. समोरचे ज्येष्ठ वकील म्हणाले, “मग वन खात्याला कळवा.” सगळे कोर्ट हसले. उच्चार ‘लीन’ असा आहे, हे मला त्या दिवशी समजले. दावा त्या शब्दामुळे हरलो नाही, पण पुढे सहा महिने मी इंग्रजी शब्द आला की खाकरत असे. ‘मॉर्गेज’मधला ‘ट’ बोलायचा नसतो, कर्जाला ‘डेब्ट’ नव्हे ‘डेट’ म्हणतात, साक्षीदाराला बोलावण्याच्या हुकमाचा उच्चार ‘सबपोएना’ नसून ‘सपीना’ आहे, दोषारोपाला ‘इन्डिक्टमेंट’ नव्हे ‘इन्डाइटमेंट’, हे सगळे मी असेच एकेक फजिती करून शिकलो. ज्यांच्या घरात तीन पिढ्या वकील होते, ते हे शब्द जेवताना ऐकत मोठे झाले. त्यांच्या कानात शब्द आधी पडला, डोळ्यापुढे नंतर आला. आमचे उलटे झाले. आणि इंग्रजी ही भाषा अशी आहे की लिहिलेले वाचाल तर फसाल. मराठीत लिहितो तसे बोलतो. त्यामुळे मराठी शाळेत शिकलेले पोर प्रामाणिकपणे अक्षरे वाचते आणि मार खाते.

म्हणून काय इंग्रजी सोडायची? जे हा सल्ला देतात त्यांची नातवंडे कोणत्या शाळेत जातात, हे एकदा विचारून बघा. २००० साली महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आली तेव्हा मराठी बुडाली म्हणून ओरड करणारे कोण होते, हे आपण पाहिलेले आहे. घटनेच्या ३४८ व्या कलमाप्रमाणे सर्वोच्च आणि उच्च न्यायालयांची भाषा आजही इंग्रजी आहे. खालच्या कोर्टात मराठी चालते, पण औरंगाबाद खंडपीठात आपले अपील गेले की आपल्या माणसाचे दुःख इंग्रजीतच उभे करावे लागते. ते नीट उभे करायचे तर इंग्रजी नीट यायला हवी, उच्चारासकट. मी चुकीचा उच्चार करीन आणि अभिमानाने करीन, असली बढाई मला मान्य नाही. बाबासाहेबांनी लंडनमध्ये पोट मारून इंग्रजी ग्रंथ वाचले, ते ‘चालतंय की’ म्हणण्यासाठी नव्हे.

प्रश्न आहे शिकायचे कसे. याचे उत्तर आपल्याच वस्तीत आहे आणि आपले तिकडे लक्ष गेलेले नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो लोकांनी धम्मदीक्षा घेतली, त्यांतल्या कितींनी त्याआधी पाली भाषा ऐकली होती? आणि आज विहारात जा. अंगठा उठवणारी आजी त्रिशरण-पंचशील म्हणताना ‘सिक्खापदं’ आणि ‘समादियामि’ कसे म्हणते ते ऐका. जोडाक्षर तुटत नाही, अनुस्वार गळत नाही. तिला कोणी व्याकरण शिकवले? कोणीच नाही. ती दर पौर्णिमेला, दर जयंतीला, लग्नात आणि पुण्यानुमोदनात तेच शब्द सगळ्यांच्या सोबत मोठ्याने म्हणत आली. चुकली तर शेजारणीच्या आवाजाने सावरली, आणि चुकली म्हणून तिला कोणी हसले नाही. सावरण्याची ही पद्धत ज्या समाजाने एका पिढीत पालीसाठी उभी केली, त्याला इंग्रजीची भीती का वाटावी? रविवारी वंदनेनंतर अर्धा तास विहारात मुलांनी इंग्रजी उतारा मोठ्याने वाचावा. प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे आणि तो कोणताही शब्द बोलून दाखवतो. त्याचा तेवढा उपयोग करावा. आमच्या भागात आम्ही दोन विहारांत हे सुरू केले आहे. पोरे येतात, बाया येतात, आणि खरे सांगायचे तर सर्वांत जास्त चुका वकील साहेबांच्या निघतात.

आता या शब्दाची जी खरी मोडतोड झाली आहे तिच्याकडे येतो, कारण ‘ॲ’ की ‘अ’ यापेक्षा ती फार गंभीर आहे.

इंग्रजीत या शब्दाचा अर्थ क्रूर कृत्य. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थही क्रूर, भयंकर असाच. १९८९ च्या कायद्याच्या कलम २ मध्ये व्याख्या दिली आहे, की कलम ३ खाली शिक्षेला पात्र असलेला अपराध म्हणजे अत्याचार. म्हणजे अट्रॉसिटी कोण करतो? जो मारतो, जाळतो, पाणी अडवतो, बहिष्कार टाकतो तो. आता आपल्या गावात हा शब्द कसा वापरतात ते आठवा. ‘त्यांनी पाटलावर ॲट्रॉसिटी केली.’ ‘जरा बोललो तर ॲट्रॉसिटी टाकतात.’ ‘खोटी ॲट्रॉसिटी ठोकली.’ चमत्कार बघा! घागर लाथाडणारा कुठेच नाही. ‘अट्रॉसिटी’ करणारी कोण, तर कपाळ फुटलेली मावशी! गुन्हेगाराच्या कृत्याचे नाव फिर्यादीच्या तक्रारीला चिकटवले. तीस-पस्तीस वर्षांत हा शब्द एका माणसाच्या हातून काढून दुसऱ्याच्या हाती दिला, आणि इतक्या सफाईने दिला की आपल्यालाही कळले नाही. आपले कार्यकर्तेसुद्धा मिशीवर ताव देऊन सांगतात, “त्याच्यावर ॲट्रॉसिटी ठोकली.” अरे, तू ठोकली नाहीस. त्याने केली, तू नोंदवलीस!

२०१६ च्या मोर्च्यांत या कायद्याविरुद्ध मागण्या झाल्या, तेव्हा हा शब्द लाखोंच्या तोंडी होता आणि त्याचा अर्थ हाच उलटा होता. पुढे महाराष्ट्रातूनच गेलेल्या सुभाष महाजन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २० मार्च २०१८ रोजी अटकेआधी मंजुरी आणि गुन्ह्याआधी प्राथमिक चौकशी अशा अटी घातल्या. २० मार्च हा चवदार तळ्याचा दिवस, हे कोणाच्या ध्यानात आले की नाही, देव जाणे, म्हणजे मी देव मानत नाही, पण म्हणण्याची पद्धत आहे. २ एप्रिलला देश बंद झाला, रक्त सांडले, संसदेने त्याच वर्षी कलम १८-अ घातले, आणि १ ऑक्टोबर २०१९ रोजी न्यायालयाने आपले ते निर्देश मागे घेतले. खटल्यातली कलमे परत मिळाली. शब्दाचा अर्थ मात्र अजून परत मिळालेला नाही.

हा शब्द हाती नसला की काय होते, तेही आपण पाहिले आहे. १९७८ मध्ये नामांतराच्या काळात आपल्याच नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीला पोचीराम कांबळे हुतात्मा झाले, तेव्हा हा कायदाच नव्हता. कायदा ३० जानेवारी १९९० पासून अमलात आला. २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातले चौघे मारले गेले, तेव्हा कायदा होता, वकील होते, उच्चारही सगळ्यांचे चोख होते. भंडाऱ्याच्या न्यायालयाने २००८ मध्ये सहा जणांना फाशी सुनावली, पण अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होत नाही असे ठरवले. २०१० मध्ये नागपूर खंडपीठाने फाशीची जन्मठेप केली, आणि तो कायदा तिथेही लागला नाही. खून मान्य, जात अमान्य! तेव्हा केवळ शब्द शुद्ध बोलून न्याय मिळतो, या भ्रमात कोणी राहू नये. २०२३ च्या जूनमध्ये नांदेडशेजारी बोंढार हवेलीत भीमजयंतीच्या रागातून आपला एक तरुण मारला गेला, तेव्हाही प्रश्न उच्चाराचा नव्हता.

मग ठाण्यात गेलेल्या माणसाने बोलायचे काय? मी मावशींना दुसऱ्या दिवशी सकाळी हेच समजावले. म्हटले, मावशी, तो इंग्रजी शब्द तुम्ही घेऊच नका. कलम कोणते लावायचे हे तुमचे काम नाही. काय घडले ते सांगा. कुठे उभ्या होत्या, किती वाजले होते, कोण कोण बघत होते, तो काय बोलला ते जसेच्या तसे. लाज वाटली तरी तेच शब्द सांगा. कारण कलम ३ मध्ये जातिवाचक अपमानाचा गुन्हा ठरायला तो ‘लोकांना दिसेल अशा ठिकाणी’ घडलेला असावा लागतो, आणि चार भिंतींच्या आत बोलले गेले म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हितेश वर्मा प्रकरणात ते कलम काढून टाकले आहे. पाणवठ्यावर अडवणे हा २०१५ च्या दुरुस्तीने वेगळा गुन्हा झाला आहे. या सगळ्याचा दारोमदार जागेवर आहे. हापसा हा शब्द कागदावर येणे, हे ‘ॲट्रॉसिटी’ येण्यापेक्षा महत्त्वाचे.

आणि त्याच दुरुस्तीने कलम ४ मध्ये लोकसेवकाची कर्तव्ये एकेक करून लिहिली आहेत. तोंडी दिलेली फिर्याद लिहून घ्यायची, सही किंवा अंगठा घेण्याआधी ती फिर्यादीला वाचून दाखवायची, या कायद्याखाली आणि योग्य कलमांखाली गुन्हा नोंदवायचा, नक्कल लगेच द्यायची. जो लोकसेवक स्वतः अनुसूचित जाती-जमातीचा नाही आणि जाणूनबुजून हे करत नाही, त्याला सहा महिने ते एक वर्ष कैद आहे. फिर्यादीचा उच्चार तपासण्याचे कर्तव्य त्या यादीत कुठेही नाही. मी यादी दोनदा वाचली.

दुसऱ्या दिवशी आम्ही ठाण्यात गेलो तेव्हा कालचेच साहेब होते. मी कलम ४ ची प्रत टेबलावर ठेवली आणि काही बोललो नाही. मावशींनी सगळे सांगितले. त्यांनी तो शब्द एकदाही घेतला नाही. लिहून झाले, कागद त्यांच्यापुढे सरकवला गेला, शाईचा पॅड उघडला. मी म्हटले, आधी वाचून दाखवा. साहेबांनी नाराजीने वाचायला सुरुवात केली. नाव, गाव, वय, धंदा मजुरी. मावशी डोळे मिटून ऐकत होत्या, विहारात गाथा ऐकतात तशा. ‘सदर इसमाने फिर्यादीच्या घरी येऊन’ इथपर्यंत वाचन आले आणि त्यांनी डोळे उघडले.

“घरी न्हाई सायेब. हापशावर. धा बाया बघत व्हत्या.”

साहेब थांबले. माझ्याकडे पाहिले. मग ‘घरी येऊन’ खोडून त्यावर ‘सार्वजनिक हातपंपाजवळ, लोकांसमक्ष’ असे लिहिले. मावशी म्हणाल्या, “आता पुन्हा वाचा, पयल्यापासून.” साहेबांनी पहिल्यापासून वाचले. मगच मावशींनी अंगठा पुढे केला.